जुना अर्थिंगचा खड्डा

मुलांनो, डोळे मिटा आणि एक मोठं हिरवं मैदान समोर आणा. मोहने आणि आंबिवलीच्या मधलं, गोल्फ खेळायचं. गवताखाली पाण्याचे पाइप आहेत, त्यांच्या शेजारून वायरी. त्या एका लोखंडी पेटीत येतात. पेटी सांगेल तेव्हा गवतातून फवारे वर येतात. आता लांबच्या एखाद्या झाडावर वीज पडली, तरी ती जमिनीतून वायरींवर चढते आणि पेटी जाळते. म्हणून पेटीजवळ अर्थिंगचा एक खड्डा असतो. त्यात तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ. तो ओला ठेवला, की वीज त्यातून खाली उतरते आणि शांत होते.

समृद्धीला मी हे असंच सांगितलं होतं. ती दुसरीतली मुलगी.

तिचे बाबा, संदेश, त्या खड्ड्यात रोज लोटाभर पाणी घालायचे. घराणं मिठागरातलं, मीठ टाकण्याआधी ते चाखून बघायचे. ढग वाजले की धावत जाऊन पेटीचा प्लग काढायचे. मागच्या आश्विनात प्लग काढतानाच त्यांच्यावर वीज पडली आणि ते गेले.

त्यांचं काम आता तिची आई, जया, करते. ढग आले की तिला धावावं लागू नये, म्हणून वीज आपोआप अडवणारं नवं उपकरण बसवायला मला खोपटच्या दुकानातून बोलावलेलं.

मी खड्ड्याला मीटर लावलं. वैशाखाच्या उन्हात खड्डा कोरडा पडायला हवा होता. हा तळापर्यंत ओला होता.

"पाणी कोण घालतं?"

"मी नाय घालत, सर," जया म्हणाली. " तिथे उभंच राहवत नाही मला. तुमच्या मीटरचा काटा पण थरथरतोय, घाबरलं वाटतं."

"आणि प्लग?"

तिचं हसू गेलं. "मी धावत जाते. पोचते, तर आधीच काढलेला असतो. दर वेळी."

सैल जोडणी असेल, मी मनात म्हटलं.

दुपारी ढग वाजले. मी जयाला मैदानाकडेच्या केबिनमध्येच थांबवलं. खिडकीतून पेटी समोर दिसत होती. तिकडे कुणी गेलं नाही.

आकाश निवळल्यावर आम्ही गेलो. प्लग पेटीवर ठेवलेला होता. वायरीचं नीट वेटोळं केलेलं.

"असं वेटोळं तेच घालायचे," जया म्हणाली.

प्लग ओला होता. मी बोट जिभेला लावलं.

खारट.

तरी मी माझं काम केलं. उपकरण बसवलं, पेटीच्या पलीकडे नवा खड्डा घेतला, जुना मातीने बुजवला.

"आजोबा, आता कुणालाच धावायला नको?" समृद्धीने विचारलं.

"कुणालाच नको, बाळा."

"मग बाबा काय करणार?"

मी नव्या खड्ड्यावर झाकण ठेवलं.

ती बाबांचा लोटा भरून घेऊन आली. बुजवलेल्या मातीवर थोडं पाणी ओतलं. मग बारीक धार सोडत नव्या खड्ड्याकडे निघाली. मध्येच थांबायची, मागे बघायची, पुन्हा चालायची.

खड्ड्याशी पोचल्यावर तिने झाकण उचललं आणि बाजूला सरकली, मोठ्या माणसाला आधी आत जाऊ द्यावं तशी.