खाली ठेवलेला माणूस

दमयंती घरत वकील झाली तेव्हा घरच्यांना वाटलं होतं, पोरगी जमिनीच्या केसेस घेईल. पनवेल-उलव्याकडे तेव्हा दुसरं होतंच काय? भातखाचरांवर टॉवर उठत होते, सख्खे भाऊ एकमेकांवर दावे लावत होते आणि वकिलांना बरे दिवस आले होते. पण दमयंतीच्या वाट्याला आली ती मोडलेली माणसं. परांचीवरून पडलेली, मिक्सरमध्ये हात गेलेली. कोर्टासमोरच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर तिचं एका खोलीचं ऑफिस होतं. जिना अरुंद. लंगडत येणाऱ्यांना तो चढवायचा नाही, म्हणून बऱ्याचदा तीच खाली उतरायची.

२०१२चा ऑक्टोबर. दुपारचा डबा खाऊन ती हात धूत होती, तेवढ्यात मोमेना नावाची एक बाई दारात येऊन उभी राहिली. तिशीची असेल. किरकोळ अंगाची, साडीवर पुरुषाचा शर्ट घातलेला, नखांत सिमेंट.

“दीदी, हमारा आदमी गिर गया,” ती म्हणाली. “उलवे में. नीचे रखा है. मुकादम देता नहीं.”

दवाखान्यात नेऊ देत नाही, असा दमयंतीने त्याचा अर्थ लावला. अशा तक्रारी तिने कितीतरी ऐकल्या होत्या. तिने मोमेनाला बसवलं, खालून चहा आणि वडापाव मागवला.

“गाव कुठलं तुमचं?”

“मालदा.” मोमेना खिडकीबाहेर बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “उससे आगे.”

आगे म्हणजे सरहद्दीपलीकडे. दमयंतीने दार लोटून घेतलं आणि तिला समजेल अशा हिंदीत सांगितलं, की कामावर असताना माणसाला इजा झाली तर भरपाई हा त्याचा हक्क असतो. ठेकेदार देत नसेल तर बिल्डरकडून मागता येते. माणूस कुठल्या देशाचा, हे तो कायदा विचारत नाही. पोलीस मात्र विचारतील, आणि ते अंगाशी येऊ शकतं. हेही तिने लपवलं नाही.

“आदमी नहीं रहा, तो?”

“तर मागे राहिलेल्यांना मिळते. पण आत्तापासून असं बोलायचं नाही.”

मोमेनाने अर्धा वडापाव खाल्ला आणि उरलेला कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला.

दमयंतीने तिला स्कूटीवर मागे बसवलं. गव्हाण फाट्यापर्यंत ट्रेलरची रांग होती. वाटभर मोमेनाचा हात तिच्या खांद्यावर होता. चांगला जड, घट्ट हात. ओल्या सिमेंटचा वास येत होता. उलव्यात तेव्हा सगळीकडेच तो वास असे, त्यामुळे दमयंतीला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

बिल्डिंगच्या गेटवर काशीराम म्हातारा बसला होता. जिथे त्याची शेती होती तिथेच आता तो वॉचमन होता. दमयंतीच्या वडिलांना तो ओळखायचा.

“कुनाकडं आलीस, बाय? उदयसिंह मुकादम नाय हाय. पनवेलीला गेलाय.”

“काका, खाली कोणी जखमी आहे का?”

काशीरामने एकदा मोमेनाकडे पाहिलं आणि नजर जमिनीला लावली. “मला खाली जायाची मनाई हाय.” पण त्याने गेट उघडलं.

तळघरात उतरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी विटांचा ढीग होता. मोमेना त्यावर बसली. “आप जाओ, दीदी. हमसे देखा नहीं जाता.”

बाहेर लख्ख ऊन होतं. दमयंती उतारावरून खाली गेली, तशी ते ऊन कुणी पाठीवरून काढून घ्यावं तसं गेलं. डोळ्यांपुढे काळोख आला. कुठेतरी पंप धडधडत होता, आणि त्याचा आवाज खांबाखांबांवरून फिरून परत येत होता, त्यामुळे पंप नक्की कुठल्या बाजूला आहे ते कळेना. जमिनीवर पाणी. रॉकेलचा वास, भिजलेल्या गोणपाटाचा वास, आणि या दोहोंच्या खाली काहीतरी गोडसर, जे तिला ओळखता येईना. मजुरांनी प्लायवूड उभं करून खोपटी केली होती. माणसं कामावर गेलेली. एका कोपऱ्यात निळी ताडपत्री टांगली होती आणि तिच्यामागे कुणीतरी कण्हत होतं.

“कौन...?”

“वकील आहे. मोमेनाने बोलावलं.”

कण्हणं थांबलं.

गोणींवर एक माणूस उताणा पडला होता. पायाला दोन फळ्या सुतळीने बांधलेल्या. साइटवर त्याला बबलू म्हणत, खरं नाव इद्रिस. एवढं त्याने सांगितलं. दमयंतीने त्याचा हात हातात घेतला. तापाने फणफणला होता. मनगटातली नाडी तिच्या बोटांखाली उड्या मारत होती.

“आप मोमेना के लिये आया है ना?” तो म्हणाला. “उसका केस लिखो, दीदी. लिफ्ट का गड्ढा में गिरा वो. हम पकड़ने को कूदा, तो हमारा पैर गया.”

“मोमेना वर बसलीय,” दमयंती म्हणाली. “मीच तिला घेऊन आले.”

तो ओरडला नाही की दचकला नाही. फक्त ताडपत्रीच्या फटीकडे पाहत राहिला, जिथून उताराचा उजेड पुसटसा दिसत होता.

“ऊपर... किधर?”

“उताराच्या तोंडाशी. विटांवर.”

त्याने आपला हात हळूच सोडवून घेतला. “उसको मत बोलना... हम इधर है.”

“का?”

“उसका आंख हमने बंद किया, दीदी. इसी हाथ से...”

तापात माणूस काहीही बरळतो. दमयंतीने स्वतःची तशी समजूत घातली आणि ॲम्ब्युलन्स मागवायला उठली. खाली मोबाइलला रेंज नव्हती. ती उतार चढू लागली. पण ज्या बाईला तिने स्वतः चहा पाजला होता, ती बाई वर बसलीय की नाही, हे बघायचं तिला धैर्य होईना.

मोमेना बसली होती. उरलेला वडापाव खात होती. दमयंतीला एकदम हसूच आलं.

“मिला?” मोमेनाने विचारलं. “देगा वो लोग?”

“काय देगा?”

“बॉडी.”

“कुणाची?”

“वो तो गिरते ही गया, दीदी. हम बोला ना, नीचे रखा है. मिट्टी देना है. मुकादम देता नहीं.”

“मोमेना, मी आत्ता बोलले त्याच्याशी. ताप आहे त्याला, पाय मोडलाय. पण जिवंत आहे तो.”

मोमेनाचं चावणं थांबलं. तिने हातातला कागद विटांवर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरलेल्या माणसासारखी ती दमयंतीकडे, मग बिल्डिंगकडे, मग स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली.

“बात किया...? क्या बोला?”

दमयंतीने सांगितलं नाही. कसं सांगणार होती? पण मोमेना उठली आणि उतारावरून खाली चालू लागली. दमयंतीने हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. ती काळोखात शिरली आणि पंप बंद पडला. वर कान देऊन उभ्या असलेल्या दमयंतीला वाटलं, आता रडण्याचा तरी आवाज येईल, नाहीतर किंकाळी. काहीच आलं नाही.

काशीराम मागे येऊन उभा होता. “ती बाय खाली गेली?”

“तुम्हालाही दिसली ना ती, काका?”

“दिसली. आता असली मानसं दिसतात तर काय करू?” तो पुटपुटला. “परवा सकाली मुकादमानं टेंपो आणला. गोणपाटात गुंडाललेलं एक मानूस चढवलं. माझ्या डोल्यांदेखत.”

“बाई की गडी?”

“मला दावलं नाय, बाय. एकच व्हतं, एवढं खरं.”

त्याची बॅटरी घेऊन दोघं खाली गेली. म्हाताऱ्याने पहिल्यांदाच ती मनाई मोडली. खाली पाण्याच्या थेंबांखेरीज आवाज नव्हता. ताडपत्रीमागे गोण्या होत्या, त्यांवर माणूस झोपल्याचा खळगा होता. दमयंतीने हात लावून पाहिला. गोणी उबदार होती. वर यायला उताराखेरीज दुसरी वाट नव्हती, आणि उतारावर तर ती दोघंच होती.

दमयंतीला चार दिवस ताप आला. पाचव्या दिवशी तिने दावा लिहायला घेतला, पण कुणाचा? जखमी कोण, मयत कोण, अर्जदार कोण? शेवटी तिने दोघांचीही नावं अर्जदार आणि मयत, अशी दोन्हीकडे घातली. समोरच्या वकिलाने कोर्टात ते वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसले. उदयसिंह शपथेवर म्हणाला, की या नावाचं कुणी साइटवर कधी नव्हतंच.

“बाई,” न्यायाधीश तिला म्हणाले, “काम करताना कुणी मेलं असेल तर परदेशी असला तरी त्याचा हक्क जात नाही, हे मलाही मान्य आहे. पण कुणीतरी समोर तर यायला हवं. पुढच्या तारखेला अर्जदार हजर करा, नाहीतर मला अर्ज निकाली काढावा लागेल.”

हजर कुठून करणार? उलव्याच्या साइटवर आता सगळे नवे मजूर होते. काशीराम मात्र नोकरी सोडून साक्षीला तयार झाला. “माझ्या शेतात मेलंय ते मानूस,” तो म्हणाला. “कोन ते ठाव नाय, म्हनून गप बसू का?”

तारखेच्या सकाळी कोर्टात पंखा फिरत होता. काशीराम धुतलेला सदरा घालून दमयंतीशेजारी बसला होता, पलीकडे उदयसिंह मोबाइल बघत होता. दमयंती मनातल्या मनात मुदत मागण्याची वाक्यं जुळवत होती. तेवढ्यात कोर्टाचा शिपाई दीनानाथ बाहेरून आला आणि तिच्या कानाशी वाकला.

“मॅडम, तुमची माणसं आलीत. बाहेर बाकावर बसलीत.”

दमयंतीने वर पाहिलं. “दोघंही?”

“तिघं.”

तिने दाराकडे पाहिलं. दार अर्धवट उघडं होतं, आणि बाहेरच्या बाकाचं फक्त टोक दिसत होतं. उदयसिंहनेही मोबाइल खाली ठेवून तिकडेच मान वळवली होती.

“दोघांची नावं आहेत माझ्याकडे,” दीनानाथ म्हणाला. “गोणपाट पांघरलेल्या तिसऱ्याला काय नावाने पुकारू?”