रेणूच्या जागेवरचा पट्टा

सरका जरा जवळ. तू न्हाई, तू आल्यापासून माझ्याच घोंगडीवर बसलाय. मी आयुष्यात शेकड्यानं थापा मारल्या, रायभाननं एक न्हाई. म्हणून सांगतो, ही गोष्ट त्याची हाय, माझी न्हाई.

रायभानला गाडीला सीटबेल्टाचे पट्टे बसवायचे होते. हा रायभान आपल्या अंतरवालीचाच. तीस वर्षं मेंढरांमागं हिंडला. गुडघे गेले, मेंढरं विकली, पण पक्क्या घरात गड्याला झोपच येईना. मंग त्यानं कुण्या हौशी माणसाची जुनी कॅम्पर व्हॅन आणली. आत फळीचा पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी. त्याची बायको कडूबाई म्हणायची, मेंढरं गेली तरी ह्याचं बिऱ्हाड काही थांबत न्हाई.

नात रेणू, सहा वर्षांची, आज्यासंग हिंडायला टपून बसलेली. पण तिची आई मोनिका, म्हणजे रायभानची लेक, अडली. तिचा नवरा परमेश्वर दोन वर्षांमागं बीडकडं जीपच्या मागच्या सीटवर बसून गेल्ता. जीप उलटली. पुढचे दोघे पट्ट्यात होते, पायानं चालत घरी आले. परमेश्वर... तो न्हाई आला. मोनिकानं बापाला सांगून टाकलं, मागं खांद्यावरनं येणारा पट्टा बसवा, न्हाई तर पोरगी ह्या गाडीत पाय ठेवणार न्हाई.

मागल्या डिसेंबरची चार तारीख, गुरुवार. रेणूला शेजारणीकडं ठेवून रायभान, कडूबाई आन मोनिका वडीगोद्रीला नागसेन मिस्त्रीकडं गेले. नागसेन म्हणला, जुन्या गाडीचा पत्रा पापडासारखा, त्यात नुसता बोल्ट मारला तर एका झटक्यात पत्र्यासकट उपटून येईल. त्यानं खिडकीमागच्या खांबाला जाड लोखंडी प्लेट वेल्डिंग केली, मंग त्यात बोल्ट कसला. दोन्ही खिडक्यांपाशी एक-एक पट्टा. मोनिकानं सीटला पाय लावून पट्टे असे ओढले, की नागसेन म्हणला, ताई, खांब तेवढा राहू द्या. त्यातच दिवस मावळला.

रात्री पावणेआठला निघाले. पौर्णिमा होती. हसता काय रे? भूत काय पंचांग बघून निघतं? रायभान गाडी चालवून राह्यला, शेजारी कडूबाई. मागं एका खिडकीशी मोनिका, पट्टा लावून. दुसऱ्या खिडकीची जागा रेणूची. रिकामी.

कालव्याच्या पुलावर गाडी मागनं दबली. मोठं माणूस चढावं तशी. रायभाननं उतरून चाकं बघितली. चारी बराबर. परत निघाला.

शंभर पावलं गेली असतील. मागून आवाज आला.

सर्र...

कोणी पट्टा हळूहळू ओढावा, तसा.

रायभान म्हणला, मोनिका, पट्ट्याशी खेळू नको.



कडूबाईनं वळून बघितलं. चांदणं आत पडलेलं. मोनिकाचे दोन्ही हात मांडीवर. आन रेणूचा पट्टा... खांबापासून पुढं आलेला. मधीच थांबलेला. हवेत.

रायभानचा पाय ब्रेकवर गेला. कडूबाई म्हणली, चालव. ह्या बाईनं रानात लांडग्याला काठीनं हाणलेलं. तिनं त्या रिकाम्या जागेकडं तोंड केलं.

"कोण हाय ते मला पुसायचं न्हाई. ही जागा माझ्या नातीची हाय. बसायचं तर पट्टा लाव, न्हाई तर उतर. ह्या गाडीत बिगर पट्ट्याचं कोणी बसत न्हाई. जितं असो का मेलेलं."



गाडीचं इंजिन तेवढं वाजून राह्यलं.

मंग... खट्ट.

 थोडं पुढं गेल्यावर मोनिका हळूच म्हणली, "आबा, सावकाश चालवा. घाई न्हाई."

घरापुढं रायभाननं मोबाइलची बॅटरी मारली. जागा रिकामी. पट्टा लावलेला, ताठ. मोनिकानं स्वतःच्या हातानं खटका दाबून तो सोडला आन खाली उतरली.

सकाळपर्यंत गावभर झालं. कोणी म्हणलं गाडी विका, कोणी म्हणलं नारळ उतरवा. मोनिकानं बिलकुल कान दिला न्हाई. रेणूला उचललं, त्याच जागेवर बसवलं, पट्टा लावला. पट्टा पोरीच्या खांद्यावर बराबर बसला.

नागसेन आपलं काम बघायला आल्ता. त्यानं आत डोकं घातलं आन प्लेटवर बोट फिरवलं. प्लेटला त्यानं एकाखाली एक तीन भोकं ठेवली होती. बोल्ट कसला होता वरच्या भोकात, मोठ्या माणसाच्या मापानं. तिथून पट्टा लेकराच्या गळ्यावर आला असता. आता बोल्ट सगळ्यात खालच्या भोकात होता. त्यानं पाना लावून जोर केला. हलला न्हाई. त्या मापाचा पाना रायभानच्या घरात न्हाई, सगळ्या अंतरवालीत कुणाकडं न्हाई.

नागसेननं विचारलं, पोरगी वाढली की हा वर कसा घ्यायचा?

मोनिका म्हणली, "तुम्ही हात लावू नका, भाऊ. ज्यानं खाली घेतला, तो वर घेईल."