मखमल चुकचुकते तेव्हा

भिंतीवरच्या पालींना लोक झाडू दाखवतात. शेखरने पुण्याच्या मित्राकडून पाल विकत आणली. क्रेस्टेड गेको तिची जात. तळहातावर मावेल एवढी, तपकिरी आणि अंगाने मऊसूत, म्हणून नाव मखमल. डोळ्यांवर झालर, पण पापण्या नाहीतच. जिभेनेच डोळे पुसायची.

"फुकटच्या पाली का कमी होत्या घरात?" म्हणत त्याच्या आईने, अन्नपूर्णाबाईंनी, कपाळाला हात लावला होता.

त्यात मखमल बाईसाहेबांना उकाडा सोसत नाही, आणि नांदुऱ्याचा मे म्हणजे तापलेला तवा. कूलरचं तोंड तिच्या काचेच्या पेटीकडे, पेटीवर ओलं पोतं, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा. हे सगळं शेवटी अनुपमाच्या, शेखरच्या बायकोच्या, गळ्यात पडलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची. कुरकुरत का होईना, करायची मात्र नीट.

कित्येक दिवस मखमल मुकीच होती. मग एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "आज काई नळ येत नाई." पेटीतून आवाज आला. चुक्‌ चुक्‌. त्यांनी लगेच जमिनीवर बोट टेकवलं, "कृष्ण कृष्ण." पाल चुकचुकली की बोललेलं खरं ठरतं, ही जुनी समजूत. शेखर खो खो हसला. त्याने जन्मात कधी असं बोट टेकवलं नव्हतं.

त्या दिवशी नळ आला नाही.

अनुपमाने मग प्रयोगच मांडला. "मी विज्ञान शिकवते." चुक्‌ चुक्‌. "मी गणित शिकवते." पेटी गप्प. सासूबाईंना मधुमेह, त्या ठासून म्हणाल्या, "म्या लाडवाले हात बी नाई लावला." पेटी गप्प. शेखरच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. अनुपमाही हसली. मग तिने आवाज बदलून पाहिला, दुसऱ्या खोलीतून बोलून पाहिलं. मखमल एकदाही चुकली नाही, तेव्हा मात्र तिचं हसू ओसरलं. हळूहळू घरातलं बोलणंच कमी झालं. कोणी सहज काही बोललं तरी बाकीच्यांचे कान पेटीकडे जायचे.

मखमलच्या खाण्याची पावडर संपली, तो रविवार होता. नवी पुण्याहून बसने यायची होती.

"ट्रॅव्हल्सवाल्यानं पार्सल वडनेरले उतरवलं," शेखर म्हणाला. चुक्‌ चुक्‌. त्याने गाडीची किल्ली उचलली, चपला घातल्या आणि उंबऱ्यावरून म्हणाला, "येतो."

निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. इतकी वर्षं तो तेच म्हणून जात होता.

पेटी गप्प होती.

अनुपमा दारापर्यंत धावली. "अहो, थांबा. उद्या जा."

"काऊन? उपाशी ठेवू काय तिले?"

"पुन्हा म्हणा एकदा."

"काय म्हणू?"

"येतो म्हणा."

त्याने पेटीकडे पाहिलं आणि त्याला कळलं. "अरे वा! विज्ञानाची मास्तरीन बी आईच्या वळणावर गेली." मग मुद्दाम पेटीकडे तोंड करून तो ओरडला, "येतो!"

काही नाही. नुसता कूलर घरघरत होता.

तिला त्याचा हात धरायचा होता. लाज वाटली. मोटरसायकल कोपऱ्यावरून वळली.

तिने फोन लावला. उचलला नाही, गाडीवर असताना तो कधीच उचलत नसे. ती पेटीसमोर येऊन बसली.

"ते नीट येतील."

गप्प.

"त्यांना काही होणार नाही."

गप्प.

उलटं वाक्य तिच्या ओठांवर आलं. ते तिने दातांखाली दाबून धरलं. अशी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दिवेलागणीला फाटक वाजलं.

दारात शेखर उभा होता. कपडे धुळीने माखलेले, काखेत पार्सल. अनुपमाला रडूच फुटलं. वेडी होते मी, तिला वाटलं, ठार वेडी.

"आलो," तो म्हणाला.

तिने डोळे पुसले. मग पेटीकडे पाहिलं. मखमल जागी होती, काचेला पोट चिकटवून.

गप्प.

"अहो... काही तरी बोला ना."

"काय बोलू? मीच हावो."

गप्प.

आत सासूबाई चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होत्या. थापण्याच्या आवाजात त्यांना बाहेरचं ऐकूच गेलं नव्हतं. त्या तिथूनच म्हणाल्या, "अनुपमा, शेखर काई आला नाई वं अजून."

चुक्‌ चुक्‌.

भाकरीचा आवाज थांबला. बांगड्या वाजल्या. "कृष्ण कृष्ण."

आणि उंबऱ्यावर तोही वाकला. त्याने जमिनीवर बोट टेकवलं.