ओली पाटी

"ही अक्षरं कोणी काढली हो? डोळे मिटून?"

आमच्या दुकानाच्या पाटीकडे बघून तो चक्क हसत होता. हातात रंगाचे डबे, कानामागे ब्रश. 'दोघांचं शिवणकाम' – त्यातला 'दो' केवढा आणि 'म' केवढासा!

"माझ्या नवऱ्यानं," मी म्हटलं. "गेला तो. साध्या तापानं गेला."

त्याचं हसू विझलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"पुसता येईल? सगळं?" मीच विचारलं. पाटी वाचून प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, 'दुसरे कुठायत?' मग मला नवऱ्याला रोज नव्यानं मारावं लागायचं.

त्यानं खरवडणी लावली. तो करकर आवाज माझ्या काळजातून गेला.

"नको! वरूनच रंग द्या."

"जुनं वर येईल मग…"

"द्या म्हटलं ना!"

त्यानं रंगाचा एक हात दिला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग रोजच यायला लागला.

"पेंटर, पाटीला रंगाचे हात किती देतात?"

"दोन."

"मग हा कितवा?"

"तुम्ही मोजताय होय, टेलरबाई? बरं वाटलं ऐकून."

तोंडात टाचण्या होत्या, तरी मी हसले. आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण समोर सासूबाई गुंड्या लावत बसल्या होत्या. जन्मभर बालवाडीत शिकवलेल्या, पोटचा मुलगा गमावलेल्या.

"आई," संध्याकाळी मी भीत भीत म्हटलं, "लोक म्हणतात पाटी कोरी कर. कशी करायची?"

"ते बोलणं दगडी पाटीवरून आलंय, बाळ. ओलं फडकं फिरवलं की पाटी काळीभोर, पोरं खूश. वाळली की जुनी अक्षरं पुन्हा पांढुरकी दिसायची."

"मग?"

"मग काय, त्यावरच नवा धडा. कोरी व्हायची वाट बघितली असती तर एक पोर शिकलं नसतं." त्यांनी दातानं दोरा तोडला. "माझाच मुलगा होता तो. मी सांगतेय."

सकाळी तिरकं ऊन पडलं आणि वाळलेल्या रंगाखालून 'दोघांचं' वर आलं. पेंटर शिडीवर ओशाळून उभा.

"आता खरवडावंच लागेल. बघवत नसेल तर आत जा."

मी आत गेले नाही. शिडी धरली.

"खरवडू नका. त्यावरच लिहा."

त्यानं खरवडणी खिशात ठेवली. "मला तुम्ही आवडता," तो हळूच म्हणाला. "पण त्यांची जागा… मला नकोय ती."

"मिळणारही नाही," मी म्हटलं. "तुमची वेगळी करावी लागेल. जड जाईल मला."

"चालेल."

त्यानं ब्रश बुडवला. एवढा सराईत माणूस, पण पहिलंच अक्षर वाकडं आलं.

"चुकलं… पुसतो."

"राहू दे," मी म्हटलं आणि रडू फुटलं. शिडी मात्र सोडली नाही.