पहिला रोडगा

चहाचा पहिलाच घोट घेतला आणि भागिरथाच्या हातातून कपबशी गळून पडली... चहा गोड होता!

बहात्तरच्या दुष्काळापासून पुरी सहा वर्षं तिच्या जिभेला ना गोड कळलं होतं, ना खारट, ना कडू. गूळ खा की मीठ खा, तोंडात सगळी मातीच! आणि आज शनिवारी सकाळी, अनसिंगच्या आपल्या घरात, चुलीपुढे बसल्या बसल्या तिच्या तोंडात गुळाचा गोडवा घशापर्यंत पसरला. दुसऱ्या एखाद्या बाईने आनंदाने गल्ली गोळा केली असती. भागिरथा मात्र घाबरली, कारण ती चव आता तिची नव्हतीच. ती तिने देऊन टाकली होती.

दुष्काळाच्या त्या साली तिचा अठरा वर्षांचा धाकटा भाऊ पुंजाजी तापाने फणफणला होता. आईबाप केव्हाच गेलेले. विसाव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी आलेल्या भागिरथानेच त्याला कडेवर वाढवलेला. पोराच्या तोंडची चवच गेली, पेजेचा घोटही घशाखाली उतरेना. तेव्हा मिळाले तेवढे गहू दळून तिने मारुतीला रोडगे केले, कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजून. रोडग्याच्या पंगतीची रीत कडक असते! रांधणाऱ्या बाईने काही चाखायचं नाही, आणि गोवऱ्यांच्या आरातून निघालेला पहिला रोडगा देवाचा; पंगत उठेपर्यंत त्याला कोणी बोट लावायचं नाही. त्या पहिल्या रोडग्यापुढे पदर पसरून ती म्हणाली, "देवा, माह्या जिभेची चव घे, पर माह्या भावाच्या तोंडाले चव दे!"

दुसऱ्या दिवशी पुंजाजीने भाकर मागितली... आणि तिच्या तोंडातल्या भाकरीची माती झाली. पुढे पोराची जीभ अशी तयार झाली, की पाण्याच्या एका घोटावर तो विहीर ओळखायचा. भागिरथाने मात्र हे कुणाला सांगितलं नाही. नवस बोलून दाखवला की फळत नाही, असं ती मानून होती.

त्या गप्प राहण्याची किंमत तिने मोजली, आणि कशी मोजली! चार वर्षांमागे पुंजाजीला पाहायला मुलीकडचे पाहुणे आले. आनंदाच्या घाईत तिच्याकडून वांग्याच्या भाजीत दोनदा मीठ पडलं. पाहुणे पहिल्याच घासाला हात धुऊन उठले, सोयरीक मोडली. पुंजाजीने ताट भिरकावलं. "तुहा संसार झाला नाही, म्हणून माहाही होऊ द्याचा नाही तुले!" तिच्या काळजाचे तुकडे तुकडे झाले. एका वाक्यात सारं सांगता आलं असतं... पण पदर तोंडात कोंबून ती उभी राहिली, आणि भाऊ घर सोडून गेला तो गेलाच.

त्यानंतर शेजारच्या माणिकरावांनी आणलेली तेवढी खबर. नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात पुंजाजी स्वयंपाकी आहे. यंदा थंडीपुरती तिथे वऱ्हाडी थाळी निघणार. तिघं जेवले की चौथ्याचं ताट हॉटेलकडून. त्याआधी रविवारी दुपारी शहरातली मोठमोठी माणसं चाखायला बोलावली आहेत. त्यांना पसंत पडलं तर पुंजाजी मुख्य स्वयंपाकी, नाही तर घरचा रस्ता!

"माही चव आली म्हणजे पुंजाची गेली! अन् रविवार तं उद्याच!" भागिरथा स्वतःशीच ओरडली आणि नेसत्या लुगड्यानिशी एसटी धरायला धावली.

रविवारी सकाळी ती हॉटेलाच्या मागच्या अंगणात पोचली, तेव्हा गोवऱ्या धुमसत होत्या आणि पुंजाजी भिंतीला टेकून बसला होता. बहिणीला पाहून रागवायचं त्राणही त्याच्यात उरलं नव्हतं.

"अक्का, मले कालपासून काहीच लागून नाही राह्यलं! मीठ टाकलं का नाही तेबी समजत नाही. सगळी मातीच लागते व!"

"पहिला रोडगा कोनं खाल्ला, पुंजा?"

तो दचकला. "म्याच. काल सकाळी पाहाले म्हणून केले, तवा चाखला. इथं शहरात देवाले कोन ठेवते? पर तुले कोनं सांगतलं?"

 भागिरथाने आर उकरून आजचा पहिला रोडगा काढला, ताटलीत घालून भिंतीच्या कोनाड्यात ठेवला आणि डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. अंगणात चांगला वारा होता, धूर इकडे तिकडे पळत होता. त्या रोडग्याची वाफ मात्र सुतासारखी सरळ वर चढत राहिली. मग तिने भाजीचा थेंब तळहातावर घेऊन चाटला.

"मीठ कमी हाय. अर्धी मूठ टाक."

ती चाखत गेली, तो टाकत गेला. ताटं आत गेली... आणि घटकाभराने मालक हसत बाहेर आला. "पुंजाजी, लोक बोटं चाटून राह्यले! उन्हाळ्याची थाळीबी आता तूच ठरवायची!"

मालक आत वळताच पुंजाजीने तिचे हात धरले. "अक्का, आता खरं सांग."

तिने सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे... त्या दिवशीचं मीठ... तुले कळतच नोयतं? अन् म्या तुले काय काय बोललो! काहून नाही सांगतलं व माय?" तो तिच्या पायांवर कोसळून लहान लेकरासारखा हमसून हमसून रडू लागला. तिच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा वाहत होत्या, पण मन कसं हलकं हलकं झालं होतं. चार वर्षांनी भाऊ घरी आल्यासारखं तिला वाटलं.

"तुले माही आन हाय," तो म्हणाला. "आता देवाले काही मांगू नको. माती खाईन मी. तुही चव तुह्यापाशीच राहू दे."

"नाही मांगत," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं.

त्याने रोडगा कुस्करला, त्यावर तूप सोडलं, वांग्याची भाजी घेतली आणि आपल्या हाताने तिला घास भरवला. तूप, तिखट, गोवरीचा खरपूस वास... अहाहा! भागिरथाने डोळे मिटले. एवढं सुख तिला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. आतल्या खोलीत ताटांचा खणखणाट झाला. पंगत उठत होती.

देवाजवळ तिने सकाळीच सांगून ठेवलं होतं... 'पंगत उठेपर्यंत राहू दे. मग घेऊन जाय.'

कोनाड्यातली वाफ फुंकर मारल्यागत विझली. तिच्या तोंडातला घास अर्ध्यातच मातीचा झाला. तिने तो शांतपणे चावला आणि गिळला.

"कसं झालं, अक्का?"

"मीठ बरोबर हाय रे बाप्पा."

पुंजाजी हसला, आणि बोटाला लागलेलं तूप त्याने सहज चाटलं. त्याचं हसू जागच्या जागी गोठलं. त्याने बहिणीकडे पाहिलं. ती कोनाड्याकडे पाठ करून उभी होती आणि तोंड उघडून दुसरा घास मागत होती.