खडपवाडीचा दुवा

ठकूबाई शेलार बोलत होत्या आणि पडवीतल्या सतरंजीवर ठेवलेल्या पातळ काचेवर त्यांचे शब्द एकेका टिपणात बंद होत होते. टिपण पुरे झाले की काचेतून एक बारीक तेजरेषा निघे, आधीच्या एखाद्या टिपणाला जाऊन भिडे, आणि दोघांमधल्या नात्याचे कारण त्या रेषेवर उमटे. यामिनी सबनीस या यंत्रणेला ‘गुंफण’ म्हणे. धरणाखाली गेलेल्या एकेचाळीस गावांवरच्या पुस्तकासाठी तिने चार हजार टिपणे जमवली होती. त्यांच्या दुव्यांवरून प्रकरणांचा आराखडा गुंफण स्वतःच रची, आणि नवा दुवा जुळला की पुन्हा रची.

“आमची वाडी कुठंशी आली गं ह्यात?” ठकूबाईंनी विचारले.

खडपवाडीचे टिपण काचेच्या कडेला एकटेच तरंगत होते. सात उंबऱ्यांची वस्ती. देऊळ नाही, बाजार नाही, सरकारी दप्तरात नाव नाही. सासऱ्यांचे नाव रावजी, एवढे सांगून ठकूबाई म्हणाल्या होत्या, ‘भैरोबाची पालखी नदीपल्याडनं जायची. आमी अंगनात बसून ढोल ऐकायचो. आमाला कुनी बोलवत नव्हतं.’ ज्या टिपणाला दुवा नाही ते आराखड्यात येत नाही. हा नियम यामिनीनेच घालून दिला होता. चार हजार टिपणे एका पुस्तकात मावणार नव्हती.

“न्हाय ना आली?” ठकूबाई हसल्या. “पान्यात बुडली तवा बी कुनाला कळलं न्हाय. आता कागदात बुडू दे.”

ते हसू यामिनीला सोसवले नाही. तिने काचेवर बोट टेकवले आणि खडपवाडीपासून भैरोबाच्या यात्रेपर्यंत एक रेषा ओढली. गुंफणीने कारण विचारले. ‘पालखी वाडीतून जाई,’ तिने लिहिले. वाडी अलगद तिसऱ्या प्रकरणात जाऊन बसली.

दीड महिन्याने पहिला मसुदा हाती आला तेव्हा यामिनीला खडपवाडी ओळखता येईना. पालखी जात असेल तर वाट असणार, वाटेवर विसावा असणार, विसाव्याला मान आणि मानाला मानकरी. मानकऱ्याला नाव हवे होते, म्हणून रावजी शेलार तिथे जाऊन उभे राहिले होते. गुंफणीने स्वतःच तर्काने रचलेली अडतीस नवी टिपणे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती, आणि सर्वांत खाली होते तिचे ते एक वाक्य. ठकूबाईंचे मूळ टिपण या सगळ्यांशी विसंगत ठरून केव्हाच गळून पडले होते.

ती पुन्हा त्या पडवीत आली ती चूक कबूल करायला. आधी वाचून दाखवावे, म्हातारी चिडेल, मग तिच्यासमोरच दुवा तोडावा, असे तिने ठरवले होते. ती वाचत गेली. ठकूबाई भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या.

“व्हय,” त्या हलकेच म्हणाल्या. “मामंजींनी फेटा बांदला की मगच पालखी हलायची.”

यामिनीने वाचणे थांबवले. “मावशी, पालखी नदीपलीकडून जायची. तुम्हीच सांगितलं होतंत. तुम्हाला कुणी बोलवत नसे.”

“मी? कायतरीच तुजं! दुसऱ्या कुनी सांगितलं आसंल. इचार की तुज्या काचंला, ती शिकल्याली हाय.”

त्यांच्या चेहऱ्यावर बनाव नव्हता. इतक्या वर्षांत प्रथमच कुणी दारात आले असावे, तसा तो चेहरा उजळला होता.

यामिनीने दुव्यावर बोट ठेवले. काचेवर अक्षरे उमटली: ‘हा दुवा तोडल्यास अडतीस टिपणे निराधार होतील. खडपवाडी आराखड्याबाहेर जाईल. तोडायचा?’

तोडला तर वाडी जाणार होती. ठेवला तर ते न बोलावलेले अंगण जाणार होते. आणि ज्या एकाच मनात ते आजवर उरले होते, तिथून ते आत्ता, तिच्या देखत, निघून गेले होते.

ठकूबाई पदर सावरून पुढे सरकल्या.

“थांबलीस का? वाच की पुढं. आमच्या दारात पालखी किती येळ थांबायची गं?”