ओटीतलं घुबड

श्रीपादने माझा हात पहिल्यांदा धरला तो काही प्रेमाने नव्हे, हे आधीच सांगून टाकते. मी मोडीच्या चांदीचं तबक मागे हरिचंद्रकडे सरकवत होते. त्याची भट्टी धगधगत होती, मूस तापली होती, आणि काउंटरपलीकडून एका अनोळखी माणसाने वाकून माझं मनगट पकडलं.

"थांबा… एक मिनिट, प्लीज."

"आधी हात सोडा," मी म्हटलं. "मग मिनिट मागा."

त्याचे कान लाल झाले. हात सोडला, पण नजर तबकावरून हलेना.

सत्याऐंशी सालची गोष्ट. उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये तोलारामसेठचं चांदीचं दुकान होतं. मोडीचं वजन करायला मी तिथे बसायचे आणि आमचा कारागीर हरिचंद्र ती मोड गाळायचा. त्या दिवशी एक सिंधी आजी फाळणीच्या वेळी गाठोड्यात बांधून आणलेले दागिने मोडून गेली होती. त्यातलंच एक इवलंसं नाणं या महाशयांनी उचललं, त्यावर हलकेच फुंकर मारली आणि श्वास रोखून बघत राहिले. माझ्याकडे इतका वेळ कुणी कधी बघितलं नव्हतं. मला त्या नाण्याचा रागच आला.

सेठ हसत म्हणाले, "ले जाओ साईं, घिसा हुआ माल है." तो मात्र ते दोन बोटांत धरून मलाच समजावत बसला. हे ग्रीक राजाचं, मिनँडरचं. आपण ज्याला मिलिंद म्हणतो तोच. ही शिरस्त्राण घातलेली बाई म्हणजे अथेना, त्यांची देवी. आणि मागे…

"मागे घुबड आहे," मी म्हटलं.

"ग्रीकांच्यात घुबड म्हणजे शहाणपण."

"आमच्या शालनआत्याला सांगू नका. ती दाराला कुलूप लावील."

तो हसला. हसताना त्याचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसायचा. मी त्या दातावर भाळले, आता काय लपवायचं.

श्रीपाद बदलापूर गावातला. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी ग्रीक, रोमन नाणी शोधत हिंडायचा. मोडीत विचित्र काही आलं की मी ते त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायला लागले. सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीझ आला, तेव्हा मी म्हटलं हा तर भीम. वज्र उगारलेल्या झ्यूसला मी इंद्र केलं. एकदा एक रोमन नाणं आलं, त्यावर हातात तराजू धरलेली देवी होती. श्रीपाद म्हणाला, ही तू. मी म्हटलं, मी एवढी जाड नाही. ते नाणं त्याने शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशावर हात ठेवूनच स्टेशनपर्यंत चालला. मी शेजारीच होते…

लग्नाचं त्याने कधी सरळ विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "अथेना मी कुणाला देणार नाही. ज्या दिवशी तुला देईन, त्या दिवशी समज."

घरच्यांनी होकार दिला. आमच्या अंबरनाथच्या घरी साखरपुडा झाला. त्याच्या आईने माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, आणि रुपयाच्या जागी ते नाणं. श्रीपादनेच आईच्या हातात दिलं होतं, देवी आहे म्हणून. माउलीने अथेनाला हळदकुंकू वाहिलं. मी पदरात बघितलं आणि मान वर केली. तो माझ्याकडेच बघत होता, अगदी तसा, श्वास रोखून. त्या क्षणी मी जेवढी सुखी होते तेवढी पुन्हा कधी झाले नाही.

शालनआत्याने नाणं उलटं केलं. "अगं बाई… ओटीत घुबड?"

बाबांनी हसण्यावारी नेलं. आणि त्याच आठवड्यात बाबा रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत.

मग घरात घुबडाशिवाय दुसरा शब्द नव्हता, लग्न मोडायचंच ठरलं. आत्या बोलायची आणि आई ऐकायची. मी भांडले, जेवण सोडलं, बाबांना आधीपासून ब्लडप्रेशर होतं हे ओरडून सांगितलं. आई मोकळ्या कपाळाने माझ्यासमोर बसली. म्हणाली, "त्या घरात गेलीस तर मी रोज तुझ्या कपाळाकडे बघून जीव मुठीत धरीन. तेवढं बळ नाही गं माझ्यात."

तरी गेले. श्रीपादच्या कंपनीच्या गेटबाहेर उभी राहिले. माझ्यात अजून धुगधुगी होती, कारण माझा माणूस लॅबमधला, घुबडाला शहाणपण म्हणणारा. तो बाहेर आला तेव्हा दाढी वाढलेली होती.

"तू फक्त चल म्हण," मी म्हटलं. "घरचं मी बघते."

त्याने दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "तुझ्या बाबांना खांदा दिला ना, तेव्हा… तेव्हा मला ते नाणंच दिसत होतं, कुमुद. मीच घातलं होतं ते."

"श्री, तू तरी…"

"उद्या तुझ्या आईला काही झालं तर? तुला झालं तर?"

मी पर्समधून नाणं काढून त्याच्यापुढे धरलं. मग हे परत घे, म्हटलं. त्याने दोन्ही हात मागे घेतले.

"ओटीत घातलेलं परत घेत नाहीत."

आयुष्यात मला कुणी इतकं हळू आवाजात मारलं नाही. तो चल म्हणाला असता तर मी होते त्या कपड्यांत निघाले असते. तो म्हणाला नाही. मी तिथेच रस्त्यावर रडले आणि रडत घरी आले.

चांदी फेकू नये, अग्नीत घातली की शुद्ध होते, असं आत्याने ठरवलं. मी दुकानात गेले. हरिचंद्र म्हणाला, "ताई, दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ का?" मी नाही म्हटलं. माझ्याच हाताने अथेना मुशीत टाकली. आधी शिरस्त्राण गेलं, मग नाक. या वेळी माझं मनगट धरायला कुणी आलं नाही. त्यात बाकीची चांदी घालून आईने माझ्या लग्नासाठी जोडवी करून घेतली. लग्न वांगणीच्या एका मास्तरांशी झालं. माणूस सज्जन आहे, हीच तर पंचाईत आहे. रागवायला कुणी उरलं नाही.

सात-आठ वर्षांनी महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिरात दर्शनाच्या रांगेत श्रीपाद दिसला. नवरा मुलीला घेऊन बाहेर चपलांपाशी थांबला होता. श्रीपाद एकटाच होता. कानाशी केस पांढरे झाले होते, दात तसाच. कशी आहेस, बरी आहे, झालं. नाण्यांचं विचारलं तर म्हणाला, सगळी देऊन टाकली. मग रांगेत पुढे बघत त्याने विचारलं,

"ते… जपलंस?"

मी साडीच्या निऱ्या जराशा उचलल्या. रांगेत सगळेच अनवाणी. त्याने खाली माझ्या जोडव्यांकडे बघितलं, मान किंचित कलती, श्वास रोखलेला. त्याला कळलं. कसाबसा हसत त्याने विचारलं, "अथेना कुठल्या पायात?"

"माहीत नाही रे," मी म्हटलं. "वितळल्यावर कळत नाही."

रांग पुढे सरकली आणि मागच्या बाईने मला चला, चला म्हटलं.